फाटकापाशी म्हटलेलं गुड नाइट

स्पेसाइड, टोबॅगो
४ मे १९९७

कार्लाइल,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही, लिहिलेलंच नाही. कामाचं पत्र आहे, कामापुरतं वाच.

मिस विनिफ्रेड रिसॉर्ट विकतेय. जुलै संपला की बंद. तिचे गुडघे गेले, मुलं टोरंटो सोडून यायला तयार नाहीत, आणि घेणारा म्हणे सगळं पाडून पाच मजले चढवणार आहे. जाता जाता म्हातारीच्या डोक्यात एक खूळ शिरलंय. ज्यांनी जन्मभर पाहुण्यांची उस्तवार केली, त्या जुन्या माणसांनी एकेक आठवडा जोडीनं येऊन पाहुणे म्हणून राहायचं. समुद्राकडची खोली, बसल्या जागी जेवण, आणि पाहुण्यांसारखीच पाण्याखाली बुडी. माळी सिल्व्हन आणि त्याची बायको राहूनसुद्धा आले. सिल्व्हन रोज उठून स्वतःच चादरींच्या घड्या करायचा आणि बायको त्या पुन्हा विस्कटून टाकायची. आपण पाहुणे आहोत म्हणे, घड्या करणं शोभत नाही.

माझी पाळी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हातारीनं स्वयंपाकघरातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'मिस्टर अँड मिसेस ट्रिम'. सगळ्यांच्या देखत. मी हातात सुरी घेऊन मासा साफ करत उभी. म्हटलं, "मिस विनिफ्रेड, मिस्टर ट्रिम नऊ वर्षं तिकडे बोनेर बेटावर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे." तर म्हणते कशी, "आयोनी, बोनेर काही चंद्रावर नाही. जोडी म्हणजे जोडी. एकटीला मी खोली देणार नाही." हट्टी म्हातारी!

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मला तो आठवडा हवाय. खोलीसाठी नव्हे, मला खाली जायचंय. इतकी वर्षं मी त्या बुड्या मारणाऱ्या जोडप्यांना न्याहारी वाढली. सकाळी एकमेकांवर गुरगुरत बसलेली असतात. ती लोणी मागते, तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो. मग होडीत बसून जातात, आणि दुपारी जेवायला येतात ती केसांतलं पाणी गाळत, हातात हात घालून. माझा खेकड्याचा रस्सा एका ताटलीतून खातात. रोज हेच! खाली आहे तरी काय, ते मला एकदा कळलं पाहिजे. तू पहाटे उठून ज्याच्यामागे पळायचास ते मी बघणार, मग रिसॉर्ट पडू दे नाहीतर बुडू दे.

आणि एकदा तरी अंधार पडल्यावर त्या जेवणघराच्या दारातून मला आत शिरायचंय आणि दुसऱ्या कुणीतरी मला 'गुड इव्हनिंग' म्हणायचंय. ही मजा तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा नुकताच गेला होतास. ओगिल्वी आठवतो ना, तो मॅनेजर, ज्यानं पाहुण्यांना बुड्यांना न्यायला परदेशी पोरं आणली आणि तुला हवेचे सिलिंडर भरायला बसवलं? त्यानं मला दारात उभं केलं होतं, नवा एप्रन देऊन. लंडनचं एक जोडपं दिवेलागणीनंतर जेवायला आलं. मी तोंडभर हसून म्हटलं, "गुड नाइट!" आपल्याकडे अंधारात आलेल्याला दुसरं काय म्हणतात? तर दोघं जागच्या जागी थबकली. "अरेच्चा, बंद झालं वाटतं," म्हणाली, माझी माफी मागितली आणि गेली की परत! उपाशी झोपली बिचारी. त्यांच्यात म्हणे 'गुड नाइट' म्हणजे 'चला, निघा आता'. दुसऱ्या दिवशी ओगिल्वीनं आम्हाला शाळकरी पोरांसारखं रांगेत उभं केलं. पाहुणा आला की 'गुड इव्हनिंग', निघाला की 'गुड नाइट'. म्हणा! पुन्हा म्हणा! मी बसमध्ये घोकलं, भांडी घासताना घोकलं. शेवटी जीभ अशी वळली की आता झोपेतसुद्धा चुकत नाही.

असो. येणार असशील तर कळव. खोलीत दोन पलंग आहेत, मी बघून आले.

आयोनी ट्रिम

ता. क. नाव अजून तेच आहे. कागद बदलायला स्कारबरोपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून.


स्पेसाइड
२८ मे

कार्लाइल,

तुझं कार्ड पोचलं. पुढे गुलाबी फ्लेमिंगो, मागे एक ओळ: 'तुला पोहता येतं का?'

मी वैतागून दात चोखून अशी काही च्युप् केली की पोस्टातली बाई दचकली. माणसाला बायकोचं पत्र येतं, तो विचारतो पोहता येतं का! 'बाई, कशी आहेस, तुझी आई शेवटी त्रास न होता गेली का, तिच्या अंगणातलं ब्रेडफ्रूटचं झाड आहे का', यातलं काही नाही. तुला ठाऊक आहे मला पोहता येत नाही. आपल्या गावात निम्म्या कोळ्यांना पोहता येत नाही. समुद्रावर पोट भरणारा माणूस समुद्रात कशाला उतरेल, असं तुझा बापच म्हणायचा.

पण येईल आता. तमिका शिकवते. तमिका म्हणजे जोसेलीनची थोरली, तू गेलास तेव्हा फ्रॉकमध्ये होती. आता ती इथली बुड्या मारायला नेणारी मुख्य आहे, दंड माझ्या मांडीएवढे आणि आवाज होडीच्या भोंग्यासारखा. पाहुणे बाहेर गेले की आम्ही रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात. इतकी वर्षं त्या तलावात नोकरमाणसानं बोट बुडवलं तरी ओगिल्वी ओरडायचा, आता मी त्यात आडवी पडते. पहिल्या दिवशी मी पायरीवरच बसून राहिले. तमिका मावशीला समजवावं तशी म्हणाली, "टँटी आयोनी, पाणी कंबरेइतकं आहे, तुम्ही बुडायचं ठरवलंत तरी बुडणार नाही." मी पुन्हा च्युप्. तर ती म्हणते, "हे एक तुम्हाला सोडावं लागेल. तोंडात हवेची नळी असताना दात चोखलेत तर थेट पोटात समुद्र जाईल."

च्युप् न करता मी जगणार कशी, ते मला सांग.

आता तू विचारलंस तसं मीही एक विचारते. तुझ्या आईच्या अंत्यविधीला तू आलास, चार वर्षं झाली. शार्लटव्हिलच्या चर्चमध्ये तू त्या बाकावर, मी ह्या बाकावर. आपण पाद्रीबाबाकडे पाहत होतो आणि सगळं गाव आपल्याकडे. मी म्हटलं, ठीक आहे, दुःखातला माणूस आहे, येईल घरी. माझ्या आईचं करायला मी मागे राहिले, तुझ्याबरोबर बोनेरला आले नाही, हा काही गुन्हा नव्हता. माझी आई तोवर गेली होती. आता तू 'चल' म्हणाला असतास तर मी आले असते. हे आज पहिल्यांदा सांगतेय. तर तू काय केलंस? अंधार पडल्यावर पिशवी हातात घेऊन फाटकाशी आलास, रस्त्यावरूनच "गुड नाइट, आयोनी" म्हणालास आणि निघून गेलास. पाच वर्षांनी तोंड दाखवायचं आणि एका शब्दात निरोप! शेळी विकताना माणूस तिच्याशी यापेक्षा जास्त बोलतो.

म्हणून मी नंतर लिहिलं नाही. तुला वाटत असेल मी गर्विष्ठ आहे. आहेच.

येणार की नाही ते सरळ कळव. फ्लेमिंगो नको.

आयोनी


स्पेसाइड
१९ जून

कार्लाइल,

तीन पानं! लग्नापासून आजवर एवढं सलग बोलला नाहीस तू. आणि बोललास तेही काय, तर चोराच्या उलट्या बोंबा.

तू लिहितोस, 'मी फाटकाशी येऊन गुड नाइट म्हटलं. तूही गुड नाइट म्हणालीस. मी फाटकाची कडी काढली, आणि तू माझ्या तोंडावर खिडकी लावलीस.' पुढे लिहितोस, 'अख्ख्या टोबॅगोत असं कुणी कुणाला केलं नसेल. कुत्र्यालाही लोक आधी हाड म्हणतात.'

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी खिडकी लावली, हो, लावली. मी उद्याचा एप्रन इस्त्री करत होते, तू निरोप घ्यायला आलास, मी निरोप दिला. निरोप दिल्यावर बाईनं खिडकी लावायची नाही तर काय कोको उकळायला ठेवायचा? रडताना तुला दिसायला नको होते मी, म्हणून लावली. आणि साळसूदपणाचा आव आणू नकोस, तुझ्या हातात पिशवी होती. दिव्याच्या उजेडात मी डोळ्यांनी पाहिली. पिशवी घेऊन अंधारात 'गुड नाइट' म्हणणारा माणूस निघालेला असतो, आलेला थोडाच

इथे पेन थांबलं. उठून चुलीवरचं भांडं उतरवून आले. भांडं रिकामंच होतं, काय उतरवायला गेले कोण जाणे.

कार्लाइल, तू 'गुड नाइट' म्हणालास. म्हणजे 'आलो' म्हणालास.

तिकडे बोनेरलाही अंधारात 'बोन नोची' म्हणतच घरात शिरतात, असं तूच पूर्वी एकदा लिहिलं होतंस. तुझी जीभ कुठे वळलीच नाही. वळली ती माझी. मी इथे जन्मले, माझी आई, तिची आई अंधारात 'गुड नाइट' म्हणत लोकांच्या अंगणात शिरायच्या, आणि माझ्याच फाटकाशी माझ्याच नवऱ्यानं आपल्याच बोलीत हाक घातली, ती मला ओगिल्वीच्या कानानं ऐकू आली. त्या मेल्याला जाऊन सहा वर्षं झाली, आणि कान मात्र माझ्या डोक्याला ठेवून गेला!

मी धावत शेजारी टँटी मर्लकडे गेले. विचारलं, त्या संध्याकाळी तुम्ही व्हरांड्यात होतात, तुम्ही काय ऐकलंत? म्हातारी म्हणते, "ऐकलं की. तो आत यायला निघाला आणि तू धाडकन खिडकी लावलीस. मी मनात म्हटलं, शाब्बास गं आयोनी, असंच पाहिजे. नवरे असेच सरळ होतात." म्हटलं, "अहो, मग मला बोलला का नाहीत?" तर म्हणे, "नवरा-बायकोच्या मधे मी कधी पडत नाही." अख्ख्या गावाच्या मधे पडते ही बाई, नेमकं आमच्याच वेळी हिला शहाणपण सुचलं!

आधी मला हसू आलं. मग कसलं हसू, तिच्या पायरीवर बसून मी ओक्साबोक्शी रडले. टँटी मर्लनं मला मिठाचा चहा दिला. साखरेचा डबा समजून.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस की ती पिशवी राहायला म्हणून आणली होती, आणि तिच्यात माझ्या मापाचा डोळ्यांवरचा मास्क होता. लहान मापाचा, मुद्दाम शोधून आणलेला, कारण लग्नाच्या वर्षी तू मला खाली न्यायचं कबूल केलं होतंस. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आता वाचत नाही, कागद ओला होतो.

मी काय लिहू? मला राग यायला माणूस हवाय आणि माणूस सापडत नाही. ये. बाकीचं तू आल्यावर.

तुझी आयोनी


स्पेसाइड
११ जुलै

कार्लाइल,

तुझं उत्तर नाही. बोनेरहून पत्राला वेळ लागतो, मला ठाऊक आहे. टपाल आधी कुरासावला जातं, तिथून कुठे जातं ते देवाला ठाऊक. तरी रोज पोस्टात जाते. पोस्टातली बाई आता मला पाहून आधीच मान हलवते.

कदाचित तू आधीच्या पत्रानं दुखावला असशील. कदाचित पत्र पोचलंच नसेल. कदाचित तिकडे कोणी असेल. नऊ वर्षं थोडी नाहीत. असेल तर तसं लिही, मी आरडाओरडा करणार नाही. म्हणजे करीन, पण इथे, तुला ऐकू जाणार नाही.

मिस विनिफ्रेड विरघळली. म्हणाली, "नाही आला तर तमिकाला तुझी जोडी म्हणून घे, मी फळ्यावर नाव बदलते." मी म्हटलं, "फळ्याला हात लावू नका." एवढ्या जोरात म्हटलं की तिनं खडू खाली ठेवला.

मला आता पोहता येतं. कुत्र्यासारखं येतं, पण येतं. तलावाच्या तळाशी बसून श्वास घेता येतो. मास्कमध्ये पाणी आलं तर नाकानं फुंकून बाहेर काढायचं, तेही येतं. तमिका म्हणते, खाली एकच नियम: आपल्या जोडीदाराला हातभर अंतरापलीकडे सोडायचं नाही. मी तिला म्हटलं, माझा जोडीदार एका अख्ख्या समुद्रापलीकडे आहे.

रविवारी दुपारनंतर मी खोलीत जाईन. पाहुण्यांसारखी, पेटी घेऊन.

आयोनी


स्पेसाइड
४ ऑगस्ट

प्रिय कार्लाइल,

लिहिलं बघ. आता त्यावर जास्त बोलू नकोस.

तू आठवडा राहून गेल्यापासून गावाला दुसरा विषय नाही. सिल्व्हनची बायको विचारते, टँटी मर्ल विचारते, पोस्टातली बाईसुद्धा विचारते. मी सगळ्यांना सांगते, पोहायला गेलो होतो. पलंगांबद्दल मी इथे एक अक्षर लिहिणार नाही, पत्रं वाटेत कोण फोडतं सांगता येत नाही.

पण तुझं ते पहिल्या संध्याकाळचं मी विसरणार नाही. मी दुपारपासून त्या व्हरांड्यात फुलाफुलांचा झगा घालून बसलेली. कोणी सरबत आणून दिलं की उठून पेला स्वतःच धुवायला निघायची, आणि मिस विनिफ्रेड काठी आपटून खाली बसवायची. अंधार पडला. शेवटची बस गेली. मी म्हटलं, झालं. आयोनी, जेवून घे. आणि तेवढ्यात पायऱ्यांवर तू, केस पिकलेले, तीच पिशवी. मी श्वास रोखून बसले. आता हा ते म्हणणार. त्या एका शब्दाच्या चुकीत चार वर्षं गेली, आता तरी मी नीट कान देऊन ऐकणार.

आणि तू म्हणालास, "गुड इव्हनिंग."

गुड इव्हनिंग! मला! मी काय लंडनहून आलेली मडम आहे? माझ्या तोंडून निघून गेलं, "गुड इव्हनिंग, सर. टेबल एकासाठी की दोघांसाठी?" स्वयंपाकघराच्या दारात सगळी गर्दी करून उभी होती, ती खिदळली. तुझं तोंड असं झालं होतं की मला भीती वाटली, हा पुन्हा फिरतोय आता. मग तू पिशवी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "तुझं पत्र वाचून सगळ्या वाटेनं हेच घोकत आलो गं, चुकू नये म्हणून." मला तुला मारावंसं वाटलं आणि जेवायला वाढावंसं वाटलं. वाढता येत नव्हतं, पाहुणी होते.

सकाळी न्याहारीला आपण भांडलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. तू म्हणालास भाजलेल्या बेकच्या भाकरीत मीठ कमी आहे, मी म्हटलं नऊ वर्षं कुणाच्या हातचं खात होतास. तू ताटली सरकवलीस. मी लोणी मागितलं, तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, अगं बाई, आपण अगदी तीच जोडपी झालो.

मग होडी. तुझा तो मास्क मी हट्टानं लावला. तमिका म्हणाली, "टँटी, हा तुम्हाला तंग होतोय, माझा घ्या." तुझे कान लाल झाले होते. चार वर्षं तो पिशवीत थांबला, तेवढ्यात इकडे माझे गाल वाढले, त्याला तो काय करणार. मी म्हटलं, हाच. आणि पाठीमागे उलटं पाण्यात पडायच्या आधी तू माझे सगळे पट्टे तपासलेस. एकेक. खांद्यावरचा ओढून पाहिलास, सिलिंडरची चावी फिरवून पाहिलीस, पुन्हा पाहिलीस. लग्नाच्या दिवशीसुद्धा कुणी माझ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

खाली काय आहे ते लोकांना मी सांगते: मासे आहेत, निळे, पिवळे, आणि ते भलंमोठं पोवळं, माणसाच्या मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं, आपल्या चर्चच्या मागच्या खोलीएवढं. पण मास्क गळायला लागला ते मी कुणाला सांगितलं नाही. आधी डोळ्यांशी थोडं, मग नाकापर्यंत. फुंकायचं कसं ते साफ विसरले. वर बघितलं तर उजेड कुठल्या कुठे. मी मेले, असंच वाटलं मला. आयोनी ट्रिम, शेवटी हौसेपायी मेली. वर पळायला मी पाय झाडले, तर तू खांदा धरलास आणि समोर आलास. एवढ्या जवळ की तुझ्या पापण्या दिसल्या. ओरडला नाहीस. तिथे ओरडता येतच नाही. माझ्या कपाळावर बोट टेकवलंस, मान वर करायला लावलीस, आणि स्वतःच्या नाकातून फुंकून दाखवलंस. पुन्हा. पुन्हा. कितीदा दाखवलंस, कंटाळला नाहीस. मी फुंकलं. पाणी गेलं. तू अंगठा आणि बोट जुळवून गोल करून विचारलंस, बरी आहेस ना? आणि मी सवयीनं काय केलं? च्युप्! तोंडभर खारं पाणी! त्यात तू हसलास, आणि तुझ्या नळीतून बुडबुड्यांचा एवढा लोट निघाला की मासे पळाले.

त्यानंतर वर येईपर्यंत तू माझा हात सोडला नाहीस. होडीत आल्यावरही. तमिकानं मुद्दाम तोंड दुसरीकडे केलं होतं.

दुपारी जेवणघरात शिरताना माझ्या केसांतून पाणी गळत होतं. खेकड्याचा रस्सा आपण एका ताटलीतून खाल्ला. मिस विनिफ्रेड म्हणाली, "काय गं, कळलं का खाली काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही. खाली बोलता येत नाही, एवढंच." तिनं इतकं हसून घेतलं की गुडघे धरून बसली.

आता मुद्द्याचं. स्कारबरोच्या बसमध्ये चढताना तू विचारलंस, "बोनेरचा करार संपला की येऊ का?" ड्रायव्हर भोंगा वाजवत होता आणि मी काहीच बोलले नाही. बस वळणाआड गेल्यावर तुझं तोंड आठवलं. तुला वाटलं असेल हिनं पुन्हा खिडकी लावली. तसं नाही रे. मला भीती वाटली. तोंड उघडलं की माझ्याकडून उलटंच काहीतरी बाहेर पडतं, आणि मग वर्षं जातात. म्हणून लिहिते.

ये. कायमचा ये.

रिसॉर्ट शनिवारी बंद झालं. फळ्यावरची नावं मी पुसू दिली नाहीत, फळाच घरी आणला. तमिका एक जुनी होडी घेऊन स्वतःचं काहीतरी सुरू करतेय आणि तिला इथले प्रवाह ओळखणारा माणूस हवाय, सिलिंडर भरणारा नव्हे. तिनं नाव घेतलं नाही, पण माझ्याकडे पाहत राहिली. पाहुण्यांच्या जेवणाचं मी बघेन. लहान मापाचा मास्क मी खुंटीला टांगलाय. नवा आणू नकोस, मला गळकाच चालतो.

आणि एक लक्षात ठेव. बसनं येशील तेव्हा अंधारच पडलेला असेल. फाटकाशी उभा राहा आणि आपलं म्हणायचं तेच म्हण. मोठ्यांदा म्हण, टँटी मर्ललाही ऐकू जाऊ दे. मी आतून तेच म्हणेन, आणि ह्या खेपेला तू कडी काढून सरळ आत ये, मी काहीही केलं तरी.

खिडकी तू गेल्यापासून उघडी आहे. रात्रभर डास फोडून खातात. लवकर ये.

तुझी,
आयोनी